गाणे मध्येच का तोडता? स्थलांतरितांच्या कहाण्या, पारंपरिक संगीत आणि पॉडकास्ट

लोकलकर

नमस्कार मंडळी.

बदलापूर ते भायखळा हा माझा रोजचा प्रवास आहे आणि त्यात मी हल्ली वर्तमानपत्राऐवजी पॉडकास्ट ऐकतो. आशियातील निरनिराळ्या समाजांवरचे, त्यांच्या पारंपरिक संगीतावरचे आणि पोटासाठी मुलूख सोडलेल्या माणसांवरचे कार्यक्रम मला विशेष आवडतात. तुवामधले कंठगायन असो, जावाचा गामेलान वाद्यवृंद असो किंवा बुखारातले शशमकाम संगीत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात घेऊन गेलेले ज्यू गवई असोत, यांची पहिली ओळख मला डब्यात दांडीला लोंबकळतच झाली आणि त्याबद्दल मी या मंडळींचा ऋणी आहे. मात्र एक तक्रार आहे. गाणे सुरू होते, वीस-पंचवीस सेकंद वाजते आणि मग त्याचा आवाज बारीक करून निवेदक त्यावर बोलू लागतो.

मागच्या महिन्यात नेपाळी स्थलांतरितांवरचा असाच एक भाग ऐकला. आमच्या इमारतीचे रखवालदार नेपाळच्या पश्चिमेकडील अछाम जिल्ह्याचे आहेत. अख्खी सोसायटी त्यांना ‘बहादूर’ म्हणते आणि ते त्यांचे नाव नाही, हे मला चार वर्षांनी कळले. रात्री त्यांच्या खुर्चीपाशी बसून मी त्यांना तो भाग ऐकवला. सारंगीवर एक गायक गात होता. काका मन लावून ऐकत होते. निवेदक बोलू लागताच त्यांनी मान वर करून हिंदीत विचारले, “आत्ता कुठे तो घरातून निघाला होता. पुढे काय झाले?” ते गाणे म्हणजे एका माणसाची गोष्ट होती, आणि निवेदकाने नायकाला उंबरठ्यावरच उभे करून ठेवले होते.

त्यानंतर ते म्हणाले की सारंगी ही गंधर्व नावाच्या गवई जातीची, आमच्याकडचे गाणे म्हणजे देउडा. हातात हात गुंफून गोल धरायचा, दोन बाजू करायच्या, एका बाजूने कडवे टाकायचे आणि दुसरीने त्याला उत्तर द्यायचे. गौरा सणाला रात्र-रात्र चालते म्हणे.

माझा प्रश्न असा की अशा कार्यक्रमांत गाणे पूर्ण ऐकवावे, की माहितीच्या ओघात त्याचे तुकडे वापरणे योग्य आहे? आणि मुंबईतल्या स्थलांतरितांविषयी मराठीत असे काही करायचे झाले, तर ते कसे असावे?

पेटीमास्तर

पूर्णच ऐकवावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी लालबागच्या चाळीत वाढलो. आमच्या मजल्यावर कोकणातून आलेले गिरणी कामगार एका खोलीत बारा-पंधरा जण पाळ्यांनी राहत. दिवसपाळीचा माणूस आला की रात्रपाळीचा वळकटी गुंडाळून बाहेर पडे. ही माणसे स्वतःबद्दल अवाक्षर बोलत नसत. गावाकडचे विचारले तर “बरं आहे” एवढेच उत्तर मिळे. परंतु गणपतीच्या आधी जाखडी नाचाच्या तालमी सुरू झाल्या, की शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष एकमेकांना असे काही सवाल घालत, की कोणाची जमीन सावकाराकडे पडली आहे आणि कोणाची बायको माहेरी निघून गेली आहे हे सगळे त्यातून बाहेर येई. पौराणिक सवालाच्या आडून घरचे दुखणे सांगायची ती रीत होती. परळच्या दामोदर हॉलमध्ये असे सामने पाहिलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्या देउड्याचे वर्णन वाचताना मला तीच तालीम आठवली.

सवाल ऐकवायचा आणि जवाब कापायचा, हा सामना कसला?

टवाळ

मास्तर, आमच्या घरीही हाच प्रकार चालतो. सवाल पूर्ण ऐकवला जातो आणि माझा जवाब संपादनात जातो.

अस्मिता_के

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मी अशा कार्यक्रमांची नियमित श्रोती आहे आणि मला स्वतःला अनोळखी भाषेतले अठरा मिनिटांचे गाणे कोणतीही वाट न दाखवता ऐकणे जमत नाही. लोकलकर यांच्या काकांना ते गाणे उंबरठ्यावर थांबलेले वाटले, कारण त्यांना भाषा कळत होती. मला ती कळत नाही. निवेदक मध्ये बोलला नसता, तर तो माणूस घरातून निघाला हेही मला समजले नसते.

मास्तर ज्या तालमींविषयी सांगतात, तिथला प्रत्येक श्रोता तो सवाल कोणाला लागला हे जाणणारा होता. पॉडकास्टचा श्रोता हा त्या चाळीबाहेरचा माणूस असतो. त्याला आत घ्यायचे असेल, तर कोणीतरी दार उघडून उभे राहावे लागते. निवेदकाला इतके झोडपू नये, असे माझे मत आहे.

ध्वनिरेषा

मी वीस वर्षे ध्वनिमुद्रण आणि संकलन करतो, त्यामुळे स्वयंपाकघरातली बाजू सांगतो. निवेदन सुरू झाले की संगीताची पातळी आपोआप खाली जावी, अशी सोय बहुतेक संकलन-प्रणालींत असते. निवेदन थांबले की संगीत पुन्हा वर येते. हे इतके सोपे झाले आहे, की बोलताना मागे काहीतरी वाजते ठेवलेच पाहिजे असा समज पक्का झाला आहे. चित्रपटासाठी रचलेले पार्श्वसंगीत त्या जागेसाठीच बांधलेले असते. ओवी, देउडा किंवा शशमकाम त्यासाठी बांधलेले नसते, आणि निवेदनाखाली शब्द असलेले गाणे ठेवले की दोन्हीकडचे शब्द एकमेकांत अडकतात.

याहून मोठा घोटाळा मुद्रणातच होतो. आजकाल बऱ्याच मुलाखती फोनवर किंवा संगणकावरील बैठकीत मुद्रित होतात. त्या प्रणालीत गोंगाट दाबणारी सोय आधीच चालू असते. तिचे तत्त्व असे की जो आवाज एकसारखा चालू आहे तो पंख्याचा किंवा रहदारीचा समजून गाळायचा आणि माणसाचे बोलणे तेवढे ठेवायचे. आता तानपुरा एकसारखाच वाजतो. पेटीचा धरलेला सूरही एकसारखाच असतो. मी एका वृद्ध गायिकेची अशी मुलाखत संकलनासाठी घेतली होती, तर प्रत्येक वाक्यानंतर तिचा तानपुरा विझत जात होता आणि ती गाऊ लागली की दचकून जागा होत होता. ते दुरुस्त करता आले नाही, कारण यंत्राने जे गाळले ते मुद्रणात उरलेच नव्हते. मुलाखतीआधी ती सोय बंद करणे एवढाच उपाय आहे आणि तो फुकट आहे.

अस्मिता_के यांचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र दार उघडून उभे राहणारा माणूस दारातच उभा राहिला, तर आत जाणार कसे?

रत्नागिरीची_नसीम

हा धागा वाचून जुनी गोष्ट लिहावीशी वाटली. माझे वडील १९७८ मध्ये कुवेतला गेले. पत्र यायला बरेच दिवस लागत आणि फोन करायचा तर आधी गावातल्या एकमेव फोनवाल्या घरी निरोप द्यावा लागे. म्हणून आमच्या भागात कॅसेट पाठवायची पद्धत होती. रजेवर येणाऱ्या कोणाच्या तरी हाती साठ मिनिटांची कॅसेट यायची. एका बाजूला वडील बोलायचे, मागे वातानुकूलन यंत्राची घरघर असायची. सगळे घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचे, आणि “आता फक्त तुझ्यासाठी” असे वडील म्हणाले की आई टेप बंद करून उठायची. उरलेले ती एकटी ऐकत असे.

उत्तर दुसऱ्या बाजूवर मुद्रित करायचे असे. आजीला यंत्राशी काय बोलावे हे सुचत नसे. दोन मिनिटे खाकरून झाली की ती लग्नात हळदीच्या वेळी म्हणायचे गाणे म्हणायची, सगळीच्या सगळी कडवी, आणि शेवटी “जेवतोस ना?” एवढेच विचारायची. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. वडील बसने, ट्रकने असे करत जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत पोचले आणि तिथून विमानाने मुंबईला आले. त्या वेळी एक लाखाहून अधिक भारतीयांना अशाच रीतीने परत आणले गेले. बारा वर्षांची कमाई, दागिने, शिवणयंत्र, सगळे तिकडेच राहिले. सदऱ्याच्या खिशात आजीच्या दोन कॅसेट तेवढ्या होत्या.

कुवेतमधले ते दिवस कसे होते, असे आम्ही वडिलांना कितीदा तरी विचारले. त्यांनी कधीच नीट सांगितले नाही. परंतु त्या कॅसेटमधले गाणे लागले की ते तिसऱ्या कडव्यापर्यंत ऐकतात आणि मग उठून बाहेर जातात. आजवर त्यांनी चौथे कडवे आमच्यासमोर ऐकलेले नाही. कोणी मला त्यांची कहाणी सांगायला सांगितली, तर मी ते गाणे चौथ्या कडव्यासह लावीन आणि गप्प बसेन.

अस्मिता_के

नसीमताई, तुम्ही गाण्याआधी चार परिच्छेदांत जे सांगितलेत, त्यामुळेच ते चौथे कडवे आता आम्हाला ऐकावेसे वाटते आहे. माझे म्हणणे एवढेच होते.

रत्नागिरीची_नसीम

तीनच परिच्छेद आहेत, अस्मिता. पण मुद्दा पटला.

पुलियुर_ते_पवई

मी मूळची केरळची. मुंबईत जन्मले, मराठी शाळेत शिकले. नसीमताईंच्या कॅसेटवरून सांगते की मलबारच्या माप्पिळा मुस्लिम समाजात ‘कत्तु पाट्टु’ म्हणजे पत्रगीत नावाचा प्रकारच आहे. आखाती देशांत नवरे गेलेल्या बायकांच्या पत्रांना त्यात चाल मिळाली. एस. ए. जमील यांची दुबईच्या पत्राची गाणी कॅसेटवरून घराघरांत पोचली होती. आधी बायकोचे पत्र आले आणि मग नवऱ्याचे उत्तर असलेले गाणे. म्हणजे इथेही सवाल-जवाबच. पेटीमास्तरांनी याची नोंद घ्यावी.

पेटीमास्तर

नोंद घेतली. आपल्याकडे अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आहेच. ती पूर्ण ऐकली तरच गावी राहिलेल्या बायकोची गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टीत कधी मिसळली ते कळते. पहिल्या कडव्यापाशी थांबणाऱ्याला ती नुसती विरहगीत वाटेल.

माझगावकर

लोकलकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मुंबईत असे कार्यक्रम करायला परदेशी जाण्याची गरज नाही. माझगावात एका अरुंद गल्लीत जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर १९१९ चे चिनी मंदिर आहे. ग्वांगदोंग प्रांतातल्या सी यिप, म्हणजे ‘चार तालुके’, या भागातून आलेल्या लोकांनी ते उभारले. तिथल्या वीर देवतेपुढे आजही उदबत्त्या लागतात आणि चिनी नववर्षाला गर्दी होते. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवले गेले आणि सुटल्यावरही अनेक कुटुंबांनी देश सोडला. मुंबईतली ही वस्ती तेव्हापासून आटत गेली.

डोंगरीच्या बाजूला इराणी शियांची १८६० मधली मशीद आहे. भायखळ्याला बगदादी ज्यूंचे १८६४ मधले मागेन डेव्हिड सिनगॉग आहे. लोकलकर, तुम्ही उतरता त्या स्टेशनापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर!

मराठीशी सर्वांत जवळचा धागा बेने इस्रायली समाजाचा आहे. कोकणात तेल गाळणारे हे शनिवार तेली. त्यांनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर चक्क मराठी कीर्तने रचली. १९४८ नंतर यातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले आणि तिथे पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळावी यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले. ती मान्यता १९६४ मध्ये मिळाली. आशियाच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन मराठीत ओळी गुणगुणतो, यापेक्षा चांगला विषय कोणता?

उल्हासनगरी

आमच्या आजोबांच्या बाबतीत नसीमताईंच्या वडिलांसारखेच होते. सिंधमधून निघाल्याची तारीख ते सांगत, गाडीचे सांगत, कल्याण कॅम्पच्या बराकी आणि पाण्याची रांग सांगत, मधले काही सांगत नसत. फाळणीच्या आठवणी मुद्रित करणारी जी संस्था २०१० पासून काम करते, तिने दहा हजारांहून अधिक मुलाखती जमवल्या आहेत. त्यातल्या काही मी ऐकल्या आहेत. त्यांत मध्ये आलेली स्तब्धता कापलेली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. गाण्याइतकीच ही शांतताही कापली जाते, याकडे कोणी लक्ष वेधले नाही म्हणून लिहिले. आमच्याकडे ‘लाडा’ म्हणजे लग्नातली गाणी आजही होतात, पण आता ध्वनिक्षेपकावर, आणि मावशीला माईक सोडवत नाही हा वेगळा विषय आहे.

टवाळ

शांतता कापू नये हे मान्य. परंतु लोकलमध्ये ऐकताना शांतता आली, की मी बॅटरी संपली समजून फोन बडवतो.

ध्वनिरेषा

टवाळ यांनी विनोदाने लिहिले असले, तरी ही खरी अडचण आहे. श्रोता गर्दीत आहे हे गृहीत धरूनच सगळे भाग संकलित होतात.

वकीलकाका

कायद्याची बाजू इथे उपयोगी पडेल. आपल्या प्रताधिकार कायद्यात गाणाऱ्याला ‘कलावंत’ म्हणून स्वतंत्र हक्क आहे, मग तो रखवालदाराच्या खुर्चीत बसून गात असला तरी. संमतीशिवाय त्याचे गाणे मुद्रित करता येत नाही आणि हा हक्क ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली. आपले नाव दिले जावे असे कलावंत म्हणू शकतो आणि आपल्या कलेची अब्रू जाईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेऊ शकतो.

आता गंमत पाहा. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की संकलनासाठी किंवा ठरावीक वेळेत बसवण्यासाठी काही भाग नुसता वगळला, तर तेवढ्याने कलावंताची अब्रू गेली असे मानले जाणार नाही. म्हणजे लोकलकर यांच्या तक्रारीतला निवेदक कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहे. बाकी तुमचे तुम्ही ठरवा.

जात्याची_घरघर

मला उदाहरण द्यायचे आहे ते जात्यावरच्या ओव्यांचे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. आता ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या ओव्या लिखित, भाषांतरित आणि ध्वनिमुद्रित स्वरूपात येतात. तिथे एकेका बाईचे नाव, गाव आणि छायाचित्र दिलेले असते, तिच्याविषयी चार ओळी असतात आणि तिचा आवाज स्वतंत्रपणे ऐकायला मिळतो. सांगणारा आणि गाणारी यांना एकमेकांच्या अंगावर चढवलेले नाही. अस्मिता यांना हवे असलेले दार आणि मास्तरांना हवे असलेले पूर्ण गाणे हे दोन्ही तिथे आहे. ओवी लहान असते म्हणून ते जमते, हे मात्र मान्य करते. देउडा रात्रभर चालतो म्हणता, तर तो कसा मावणार?

लोकलकर

सर्वांचे आभार. तीन आठवडे लिहिले नाही, कारण मी या धाग्यावर वाचलेले करून पाहत होतो.

काकांनी कांदिवलीहून, भाईंदरहून आपल्या भागातली माणसे बोलावली. कोणी रखवालदार, कोणी हॉटेलात भांडी घासणारे, एक जण रात्री गाड्या धुणारा. एका रविवारी दुपारी आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे नऊ जणांनी गोल धरला. वाद्य एकही नव्हते, फक्त पावले. ध्वनिरेषा यांनी सांगितल्याप्रमाणे गोंगाट दाबण्याची सोय बंद ठेवली, त्यामुळे पावलांचा घासत येणारा आवाज तर आलाच, पण शेजारच्या इमारतीतला कुकरही आला. त्याच्या तीन शिट्ट्या आहेत आणि त्या मी ठेवणार आहे. सर्वांची संमती आधी घेतली. मुद्रण एक तास दहा मिनिटांचे झाले.

नंतर काकांनी शेजारी बसून मला एकेक कडवे हिंदीत समजावले. बनबसाची सीमा ओलांडताना पोलिसाने काय विचारले, दिल्लीहून मुंबईच्या गाडीत कसे उभे राहिलो, मालकाने पगार किती महिने दिला नाही, हे सगळे त्यात होते. एका बाजूने विचारले होते, “तुझ्या शहरात उंच काय आहे?” दुसऱ्या बाजूचे उत्तर होते, “ज्याच्या दाराशी बसतो तो उंच आहे, मी बसलेलाच आहे.” गेली चार वर्षे मी या माणसाला रोज नमस्कार करतो.

आता माझ्यासमोर तीन मार्ग आहेत. पूर्ण सत्तर मिनिटे द्यायची, त्यातला अखंड असा एक सवाल-जवाब साधारण बावीस मिनिटांचा आहे तो द्यायचा, किंवा नेहमीसारखे तुकडे करायचे.

अस्मिता_के

बावीस मिनिटांचा अखंड सवाल-जवाब द्या. आधी तीन-चार मिनिटांत कोण गात आहे आणि सवाल काय आहे ते तुम्ही मराठीत सांगा, आणि मग गाणे संपेपर्यंत तोंड उघडू नका. कडव्यांचा अर्थ भागाच्या वर्णनात लेखी द्या, म्हणजे ज्याला हवा तो वाचत ऐकेल. ती ओळ वाचल्यावर मी माझे आधीचे मत एवढे तरी बदलते.

पेटीमास्तर

पूर्ण सत्तर मिनिटे स्वतंत्र भाग म्हणून ठेवा. कोणी ऐको वा न ऐको. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर आमच्या मजल्यावरच्या खोल्या रिकाम्या होत गेल्या. त्या तालमींतली एकही तालीम कोणी मुद्रित केली नाही, टेपरेकॉर्डर दोन घरी असूनही. त्यावर आम्ही सिनेमाची गाणी ऐकत होतो.

वकीलकाका

श्रेयनामावलीत नऊही जणांची नावे आणि गावे द्यावीत. तो त्यांचा हक्क आहे.

लोकलकर

वकीलकाका, तेच घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. आठ जणांनी नावे दिली, त्यातल्या दोघांनी वडिलांचे नावही घालायला सांगितले. काकांनी मात्र नकार दिला. गाणे एक ओळही न कापता द्यावे, पण त्यांचे नाव आणि गाव कुठेही येऊ नये, असे ते म्हणाले. मी कारण विचारले, तर बराच वेळ फाटकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “घरी सांगितले आहे की मी ऑफिसात बसतो.”

त्यामुळे नामावलीत आठ नावे येतील. बावीस मिनिटांचा भाग येत्या रविवारी टाकतो आणि सत्तर मिनिटांचा त्यानंतर. ध्वनिरेषा, शेवटच्या कडव्यात विमान गेले आहे, त्याचे काय करू?

ध्वनिरेषा

राहू द्या. मूळ फाइल तेवढी जपून ठेवा, दोन ठिकाणी.